कपाटातले पाचशे मेगाहर्ट्झ

शनिवारी सकाळी नऊला फोन वाजला की समजायचं, एकतर क्रेडिट कार्डवाले, नाहीतर गावाकडचा कुणीतरी. यावेळी गावाकडचा मित्र होता. सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. (कुठल्या ते विचारू नका. त्याला नोकरी टिकवायचीय, मला मैत्री.)

"अरे, डिपार्टमेंटला स्कोप घ्यायचाय. साडेनऊ लाख मंजूर झालेत. तू सांग, साडेतीनशे मेगाहर्ट्झ घ्यावा की पाचशे?"

"मोजणार काय त्याच्यावर?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलं त्याला नक्की काय जोडणार?"

तिकडे शांतता. मग म्हणाला, "ते बघू रे नंतर. शेजारच्या कॉलेजनं साडेतीनशेचा घेतलाय. सर म्हणतात आपला पाचशेचा पाहिजे."

तर मंडळी, असं आहे. गणपतीच्या मिरवणुकीत पलीकडच्या मंडळानं डॉल्बीचे आठ बेस लावले की आपल्या मंडळाला दहा लागतात. गाणं कुठलं, ऐकणार कोण, बाजूच्या वाड्याची भिंत टिकेल का, हे सगळं नंतर. आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात ऑसिलोस्कोपची खरेदी हल्ली याच तत्त्वावर चालते असं माझं स्पष्ट मत झालेलं आहे. आणि त्या मतामागे नुसता हा फोन नाही. मी स्वतः त्याच पट्ट्यात चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि मग, अर्ध्या वर्गासारखाच, पुण्यात येऊन सॉफ्टवेअर लिहायला लागलो. का लागलो त्याचं एक कारण खाली येईलच.

आमच्या लॅबमधे बारा टेबलं होती आणि चालू सीआरओ सात. हिरव्या रेषेचे, ३० मेगाहर्ट्झचे, जुने पण बिचारे प्रामाणिक. एका टेबलावर पाच-सहा जण. त्यात एक जण नॉब फिरवणार, एक जण जर्नल लिहिणार आणि बाकीचे क्रिकेटवर बोलणार. प्रोब म्हणजे काय ते आम्ही पुस्तकात बघितलं. लॅबमधे होत्या त्या एका टोकाला बीएनसी आणि दुसऱ्या टोकाला मगरीचे चिमटे लावलेल्या वायरी, त्यातला एक चिमटा हमखास तुटलेला. रेषा स्थिर होईना की आम्ही मामांना हाक मारायचो. मामा येऊन दोन नॉब असे काही फिरवायचे की चित्र गप उभं राहायचं. ते ट्रिगर लेव्हल फिरवत होते, हे मला नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी कळलं!

आणि त्याच लॅबच्या कोपऱ्यात, काचेच्या कपाटात, कुलपाआड एक डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप होता. रंगीत पडदा, चार चॅनेल. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर स्टॉक रजिस्टरचा नंबर. चार वर्षांत तो मी दोनदा चालू बघितला. दोन्ही वेळा कमिटी आली होती. कमिटी गेली की परत कव्हर.

हे झालं माझं दुखणं. आता मुद्द्यावर.

बँडविड्थ हा शब्द विकणारे असा वापरतात, जसा मोबाईलवाले मेगापिक्सेल वापरतात. आकडा मोठा तेवढं यंत्र चांगलं. पण शंभर मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे शंभर मेगाहर्ट्झचा सिग्नल बरोबर मोजणारा स्कोप, हाच पहिला गैरसमज. बँडविड्थची व्याख्याच अशी आहे की त्या फ्रिक्वेन्सीला पडद्यावर दिसणारी उंची खऱ्याच्या सुमारे ७१ टक्के झालेली असते. म्हणजे दहा व्होल्टची साइन वेव्ह दिली तर सात दिसेल. चौकोनी लाटेचं तर विचारूच नका, तिच्यातले तिसरे, पाचवे हार्मोनिक निघून गेले की ती गोलमटोल होऊन जाते. त्यामुळे पाचपट बँडविड्थ घ्या, असा एक ढोबळ नियम सगळीकडे सांगतात. नियम ठीक आहे. पण पाचपट कशाच्या, हे विचारायचं राहून जातं.

अभ्यासक्रमातले प्रयोग आठवा. आरसी कपल्ड अ‍ॅम्प्लिफायर: एक मेगाहर्ट्झपर्यंत रीडिंग घेतलं तरी सर खूष. रेक्टिफायर: ५० हर्ट्झ. ऑप-अँपचे प्रयोग: किलोहर्ट्झ. मायक्रोकंट्रोलरचं यूएआरटी: ९६०० बॉड, फार तर १,१५,२००. प्रोजेक्टमधे कुणी एसपीआय वापरलाच तर दहा-वीस मेगाहर्ट्झ. एज किती उभी आहे ते बघायचं असेल तर सूत्र सोपं आहे: ०.३५ भागिले बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप साडेतीन नॅनोसेकंदाची एज दाखवू शकतो. बी.टेक.च्या पोरानं ब्रेडबोर्डवर जंपर वायरी खोचून केलेल्या सर्किटमधे त्याहून वेगवान काही असलंच तर ती चूक असते, सिग्नल नसतो.

बरं, आता कॉलेजच्या बाहेर या. कुपवाड एमआयडीसी, मिरज एमआयडीसी, सातारा एमआयडीसी, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या. इथे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आहे. मोटरचा व्हीएफडी ड्राइव्ह, त्यातले आयजीबीटी. त्यांची स्विचिंग एज साधारण शंभर नॅनोसेकंदाची धरा. भागाकार करा: साडेतीन मेगाहर्ट्झ. पाचपट घ्या, सतरा-अठरा. अगदी नव्या सिलिकॉन कार्बाइडच्या दहा नॅनोसेकंदाच्या एजला सुद्धा ३५ येतात, आणि ती नीट बघायची तर दीड-दोनशे पुरतात. पाचशे कुठून आले?

आता खरी गंमत. पॉवर सप्लायचा रिपल मोजायचा असतो ना, तो मोजताना सगळ्यात आधी काय करतात माहितीये? स्कोपवरचं '२० मेगाहर्ट्झ बँडविड्थ लिमिट' हे बटण दाबतात. रिपलचं स्पेसिफिकेशनच बहुतेक ठिकाणी २० मेगाहर्ट्झला दिलेलं असतं. म्हणजे लाखो रुपये देऊन पाचशे आणायचे आणि मग बटण दाबून त्यातले चारशे ऐंशी बंद करायचे. आणि हे बटण मूर्खपणानं दिलेलं नाहीये बरं का. बँडविड्थ उघडी ठेवली की नॉइजही सगळा आत येतो. पांढरा नॉइज बँडविड्थच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे २० वरून ५०० वर गेलात, पंचवीसपट, तर नॉइज पाचपट. मिलिव्होल्टमधलं काही बघायचं असेल तर जास्त बँडविड्थ तुमच्या विरोधात काम करते. हे वाक्य खरेदी समितीच्या भिंतीवर फ्रेम करून लावावं असं मला फार वाटतं.

मग मिलिव्होल्ट बघायला काय लागतं? रिझोल्यूशन. उभ्या दिशेने पायऱ्या किती, ते. आणि हे समजवायला आमच्या भागात उसाच्या काट्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

साखर कारखान्याचा काटा. सांगली-साताऱ्यात ज्याच्या घरात ऊस आहे त्याला काटामारी हा शब्द शाळेच्या आधी कळतो. आता ६० टनी वजनकाटा घ्या. खाली लोडसेल असतात. साधारण लोडसेल एका व्होल्टला दोन मिलिव्होल्ट देतो, म्हणजे दहा व्होल्टवर चालवला तर पूर्ण वजनाला अख्खे वीस मिलिव्होल्ट. सगळं राजकारण त्या वीस मिलिव्होल्टमधे. समजा हा सिग्नल आठ बिटांच्या कन्व्हर्टरला दिला. आठ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. साठ हजार किलो भागिले २५६ म्हणजे एक पायरी २३४ किलोची. उसाला टनामागे साडेतीन हजार धरले तर एका पायरीमागे आठशे रुपये! असा काटा कुणी लावला तर गेटवर काय होईल ते मी सांगायला नको. बारा बिट घेतले तर ४०९६ पायऱ्या, एक पायरी साधारण १५ किलोची. आता जरा माणसात आलो. प्रत्यक्षात काट्याच्या इंडिकेटरमधे बरेचदा २४ बिटांचा कन्व्हर्टर असतो, त्यातले सगळे बिट कामाचे नसले तरी दहा-वीस किलोचा आकडा तो स्थिर दाखवतो.

आणि आपले डिजिटल स्कोप? कित्येक दशकं आठ बिट. महागडे, स्वस्त, सगळे. लाखो रुपयांचं यंत्र आणि उभ्या दिशेने २५६ पायऱ्या. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर गाण्याला ६५,५३६ पायऱ्या होत्या, आणि इंजिनिअरला मात्र २५६.

का, याचं उत्तर सरळ आहे. वेग आणि बारकावा या दोन्ही गोष्टी एकाच किमतीत मिळत नाहीत. काट्यावरचा कन्व्हर्टर सेकंदाला फार तर काही दहा-शेकडा रीडिंग घेतो, निवांत. स्कोपला सेकंदाला अब्जाच्या हिशोबात घ्यायची असतात. वडाप भरधाव सोडली तर खड्डे मोजता येत नाहीत, तसंच हे. अगदी जगातलं टोकाचं यंत्र बघा. कीसाइटनं २०१८ साली यूएक्सआर काढला. ११० गिगाहर्ट्झ, सेकंदाला २५६ अब्ज सॅम्पल, दहा बिट, आणि वरच्या मॉडेलची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे. अचाट इंजिनिअरिंग आहे, दंडवत घालावा असं. पण तिथेसुद्धा त्या वेगाला कागदावरचे दहाच्या दहा बिट हातात येत नाहीत, बरेच कमी उरतात. निसर्गनियमाला डिस्काउंट नसतो.

बारा बिटांचे स्कोप २०१२ साली लक्रॉयनं एचडीओ नावानं जोरात आणले, मग इतर मोठ्या कंपन्या आल्या, २०२४ साली कीसाइटनं चौदा बिटांची एचडी३ मालिका काढली. पण माझ्या लेखी मोठी घटना २०२३ सालची. त्या वर्षी चीनच्या रिगोलनं डीएचओ८०० ही मालिका काढली. त्यातला छोटा भाऊ ७० मेगाहर्ट्झ, चार चॅनेल, बारा बिट, साडेचारशे डॉलरच्या आत. पुढच्याच वर्षी सिग्लेंटचा एसडीएस८००एक्स एचडी आला, तोही बारा बिट. जे दहा वर्षांपूर्वी फक्त मोठ्या आर अँड डी लॅबमधे होतं ते एका बऱ्या मोबाईलच्या किमतीत आलं. या बातमीवर आमच्या कॉलेजांत पेढे वाटायला हवे होते. वाटले नाहीत. कारण ७० हा आकडा ५०० पेक्षा लहान आहे.

इथे थोडा कडवटपणा त्या कंपन्यांसाठीही राखून ठेवलाय. 'बारा बिट' हेही ब्रोशरवरचं वाक्य आहे. नॉइज वगैरे धरून खरे उपयोगी बिट साडेआठ-नऊच्या आसपास निघतात. आठ बिटांच्या स्कोपला ते सात किंवा कमी. फरक मोठा आहे, पण ब्रोशर म्हणतं तेवढा नाही. शिवाय 'सोळा बिट हाय-रेझ' असं काही दिसलं तर समजावं की शेजारशेजारच्या सॅम्पलची सरासरी काढून बिट वाढवलेत. दर चारपट सॅम्पलमागे एक बिट मिळतो आणि त्या बदल्यात बँडविड्थ जाते. फसवणूक नाही, पण फुकटही नाही. आणि त्या डीएचओ८०० मधे चारी चॅनेल चालू केले की सव्वा गिगासॅम्पलचे प्रत्येकी ३१२ मेगासॅम्पल होतात. तेही बघून घ्यावं.

बँडविड्थच्या आकड्याचा पोकळपणा बघायचा असेल तर रिगोलचाच जुना किस्सा आहे. डीएस१०५२ई हा त्यांचा ५० मेगाहर्ट्झचा स्कोप. २०१०च्या सुमारास हौशी लोकांनी शोधलं की आत सगळं १०० मेगाहर्ट्झच्या मॉडेलचंच आहे, फक्त सॉफ्टवेअरनं हात बांधलेत. मॉडेल नंबर बदलला की झालं शंभर! पुढे डीएस१०५४झेडचं पण तेच, लायसन्सची किल्ली घातली की पन्नासचे शंभर. म्हणजे ज्या आकड्यावरून आपण टेंडर काढतो तो बरेचदा तांब्यात नाही, सिलिकॉनमधे नाही, एका फाइलमधे असतो. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे वाचून फार आनंद झाला होता, ते एक असो :-)

आता प्रोबकडे या, कारण इथे तर खरेदी समितीची पूर्ण दांडी गुल होते. पाचशे मेगाहर्ट्झचा स्कोप घेतला. त्याच्याबरोबर साधी टेन-एक्स प्रोब आली, दहा मेगओहम, बारा पिकोफॅरड. सगळे दहा मेगओहम वाचतात आणि निर्धास्त होतात. बारा पिकोफॅरड कुणी वाचत नाही. १०० मेगाहर्ट्झला त्या बारा पिकोफॅरडचा अडथळा भरतो सुमारे १३० ओहम. दहा दशलक्ष नाही, एकशेतीस! मोजायला गेलात आणि सर्किटच्या छातीवर बसलात. वर ग्राउंडची ती पंधरा सेंटिमीटरची वायर आणि तिचा चिमटा. वायरीचं इंडक्टन्स ढोबळमानानं मिलिमीटरला एक नॅनोहेन्री, म्हणजे दीडशे. दीडशे नॅनोहेन्री आणि बारा पिकोफॅरड मिळून साधारण १२० मेगाहर्ट्झला घंटेसारखे वाजतात. पडद्यावर मस्त रिंगिंग दिसतं आणि विद्यार्थी जर्नलमधे लिहितो, "सर्किटमधे रिंगिंग आढळले." अरे, ते सर्किटमधे नाही, तुझ्या हातात आहे! पाचशे मेगाहर्ट्झ खरोखर वापरायचे तर अ‍ॅक्टिव्ह प्रोब लागते, आणि एका चांगल्या अ‍ॅक्टिव्ह प्रोबच्या पैशात बारा बिटांचे दोन-चार छोटे स्कोप येतात. ती प्रोब मी आमच्याकडच्या कुठल्याही टेंडरमधे बघितलेली नाही.

हे सगळं नुसतं पैशाचं असतं तर मी रविवार वाया घालवला नसता. कुपवाडला माझा दुसरा एक मित्र आहे, ड्राइव्ह रिपेअर करतो. फाउंड्रीवाले, लेथवाले, सगळ्यांचे व्हीएफडी त्याच्याकडे येतात. हाताला गुण आहे पठ्ठ्याच्या. गेल्या दिवाळीत त्याच्या शॉपवर गेलो तर त्याच्या स्कोपच्या प्लगची अर्थची पिन हॅकसॉनं कापलेली.

"हे काय रे?"

"आरं, तशी लावली की धडाम करतंय. एमसीबीच पडतोय."

पडणारच. स्कोपच्या प्रोबचं ग्राउंड थेट अर्थला जोडलेलं असतं. ड्राइव्हच्या आत ४१५ व्होल्ट थ्री फेज रेक्टिफाय होऊन डीसी बसवर ५८७ व्होल्टच्या आसपास बनतात, आणि त्या बसचं मायनस टोक हे अर्थ नसतं, अर्थपासून शेकडो व्होल्ट खाली हिंदकळत असतं. तिथे ग्राउंडचा चिमटा लावला की सरळ शॉर्ट. म्हणून मग पिन कापायची. पिन कापली की धडाम बंद, पण आता स्कोपचा सगळा धातूचा भाग, बीएनसीची बाहेरची कडी, मागचे स्क्रू, पुढचं यूएसबीचं पोर्ट, सगळं त्या बसच्या व्होल्टेजवर. त्याच्याकडच्या आयटीआयच्या पोरानं स्क्रीनशॉट घ्यायला पेन ड्राइव्ह लावला आणि मागच्या रॅकवर जाऊन आदळला. वाचला. पायात चप्पल होती म्हणून, की एकच हात लागला म्हणून, देव जाणे. मित्रानं मला हे हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

यावर उपाय काय? हाय व्होल्टेज डिफरन्शियल प्रोब. वीस-पंचवीस हजारांत बरी मिळते. नाहीतर बॅटरीवरचा, चॅनेल एकमेकांपासून अलग असलेला हँडहेल्ड स्कोप. हे काही अगम्य ज्ञान नाही. पण माझ्या मित्रानं इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतलीये, रीतसर, फर्स्ट क्लास, आणि चार वर्षांत त्याला डिफरन्शियल प्रोब कुणी दाखवली नाही. मलाही नाही. आम्हाला दाखवलं ते काचेचं कपाट. पिन कापायची युक्ती मात्र त्याला कॉलेजच्याच लॅबमधे बघायला मिळाली होती, तिथे निम्म्या सीआरओंच्या पिना कापलेल्या होत्या. एका कपाटातल्या पैशात किती डिफरन्शियल प्रोब आल्या असत्या, तो भागाकार तुम्हीच करा.

"पण मुलांना वरच्या दर्जाचं तंत्रज्ञान दिसायला नको का?" हा युक्तिवाद मी ऐकलाय, सभ्य माणसांकडून ऐकलाय, त्यामुळे त्याला उत्तर देणं भाग आहे. हो, बँडविड्थ लागते. डीडीआर मेमरी, पीसीआय एक्सप्रेस, यूएसबीच्या पुढच्या आवृत्त्या, डेटा सेंटरमधल्या ऑप्टिकल लिंक, तिथे गिगाहर्ट्झशिवाय पान हलत नाही, आणि पुण्या-बेंगळुरात असली कामं करणाऱ्या टीम आहेत. तिथल्या इंजिनिअरला कुणी ७० मेगाहर्ट्झचा स्कोप दिला तर तो राजीनामा देईल. एखाद्या कॉलेजात कुणी खरंच हायस्पीड बोर्डावर संशोधन करत असेल, त्याच्याकडे बोर्ड असेल, प्रोब असेल, तर द्या ना त्याला दोन गिगाहर्ट्झ. माझा विरोध यंत्राला नाही. न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर साडेनऊ लाख घालण्याला आहे. आणि मला विचाराल तर 'दिसायला' हा शब्दच घात करतो. ऑसिलोस्कोप ही बघायची वस्तू नाही, तिच्यातून बघायचं असतं.

सातारा जिल्ह्यानं जगाला दिलेली सगळ्यात प्रसिद्ध वेव्हफॉर्म कुठली, सांगता येईल? मला सांगता येते. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं, कोयनानगर. भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरची घरं जमीनदोस्त झाली, १०३ मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात तडे गेले. आणि धरणाच्या एका गॅलरीत त्या वेळी एक अ‍ॅक्सिलरोग्राफ बसवलेला होता. १९६२ नंतर जलाशय भरायला लागल्यापासून हादरे जाणवत होते, म्हणून तिथल्या लोकांनी यंत्रं लावून ठेवली होती. असं यंत्र दिवसरात्र गप्प बसून असतं. जमीन हलली की स्वतःहून चालू होतं आणि फिल्मवर रेषा उमटवतं. ट्रिगर म्हणजे दुसरं काय असतं? मामा आमच्या सीआरओवर जो नॉब फिरवायचे तोच.

ती रेषा आज जगभरातल्या धरण इंजिनिअरांना पाठ आहे. प्रवाहाच्या दिशेनं सर्वाधिक त्वरण ०.४७ जी. अबॅकस नावाचं जे स्ट्रक्चरल सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर आहे, पुण्यातल्या ऑटोमोबाईलवाल्या मित्रांना माहीत असेल, त्याच्या उदाहरणांच्या पुस्तकात काँक्रीटच्या धरणाचं उदाहरण म्हणून कोयनाच दिलंय, हीच नोंद वापरून. जपान असो की अमेरिका, काँक्रीट धरणाचं नवीन मॉडेल केलं की ते आधी कोयनावर तपासून बघतात. आणि या रेकॉर्डची बँडविड्थ किती? काही दहा हर्ट्झ. मेगा नाही, किलो नाही, नुसते हर्ट्झ. त्यापलीकडे भूकंपात धरणाला हलवणारं काही नसतंच. ते यंत्र त्या पहाटे काचेच्या कपाटात कव्हर घालून ठेवलेलं असतं तर?

टेकट्रॉनिक्सचा ५११ हा स्कोप १९४७ सालचा. योगायोगानं सांगलीचं वालचंद कॉलेजही त्याच साली सुरू झालेलं, तेव्हा न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावानं. त्या ५११ची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ होती. पण कंपनीचं नाव झालं ते त्याच्या ट्रिगर्ड स्वीपमुळे. सिग्नल यायची वाट बघून, बरोबर त्याच क्षणी रेषा सुरू करणं. आधीच्या स्कोपवर लाटा सरकत राहायच्या, याच्यावर उभ्या राहिल्या आणि आकडे वाचता यायला लागले. आमच्या चार वर्षांत ट्रिगरवर एक तास झाला नाही. तोंडी परीक्षेत मात्र सीआरओचा फुल फॉर्म दरवर्षी विचारायचे.

जाता जाता मिरजेचं सांगतो. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना एकदा बघितलंय. घोडीवर कानस अगदी हलक्या हातानं चालते, मग तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे, आणि कान लावून ऐकणं. परत कानस, परत दोरा, परत कान. अर्धा तास मी उभा होतो, त्यांनी मान वर केली नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं ते या बारकाव्याला. फ्रिक्वेन्सी म्हणाल तर सगळा खेळ काही किलोहर्ट्झच्या आत. एक बारा बिटांचा स्कोप आणि बरा माइक घेऊन जवारीच्या आधीची आणि नंतरची लाट शेजारी शेजारी ठेवली, तर बी.टेक.चा काय सुंदर प्रोजेक्ट होईल! कॉलेजपासून रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर आहे. पण पोरं दरवर्षी तोच लाइन फॉलोअर रोबो करतात. माझाही तोच होता, त्यामुळे जास्त बोलत नाही.

तर त्या शनिवारी मित्राला मी हिशोब करून मेल केला. बारा बिटांचे, ७० ते १०० मेगाहर्ट्झचे सोळा स्कोप, नग पंचेचाळीस हजार धरून सात लाख वीस हजार. चार डिफरन्शियल प्रोब, एक लाख. उरलेल्या एक लाख तीस हजारात जादा प्रोब (कारण पोरं मोडणार, मोडूच देत), बीएनसी केबल, दोन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि सगळ्या जुन्या सीआरओंच्या प्लगला नव्या पिना. प्रत्येक टेबलावर एक स्कोप, एका स्कोपवर दोन पोरं. खाली तळटीप लिहिली की कुलूप लागणार नाही.

बुधवारी त्याचा फोन आला. सरांनी मेल वाचला. मुद्दे पटले म्हणाले. पण सोळा छोटे स्कोप म्हणजे कमिटीसमोर ते 'बेसिक लॅब'मधे मोडतात, आणि पाचशेवाला एक घेतला की 'अ‍ॅडव्हान्स्ड लॅब' असा वेगळा बोर्ड लावता येतो. बोर्डाचा प्रश्न आहे. मित्रानं तरी भांडून एवढं करून घेतलं की फाइल परत दोन पर्यायांसह प्राचार्यांकडे जाईल.

"आणि ऐक," तो म्हणाला, "त्या पाचशेवाल्याच्या कोटेशनमधे शेवटची ओळ बघितलीस का? मी तुला पाठवलंय."

उघडून बघितलं. स्कोप एक नग. साध्या प्रोब चार नग. आणि खाली: काचेचं कपाट, कुलपासहित, एक नग, साडेअठरा हजार.